बेताळाच्या वहाणा, देवीची बहीण आणि तुमचं अडलेलं पेन

तुमची अडचण वाचली. दहा भागांची श्राव्य मालिका करायची आहे, कथा पुराणातल्याच हव्यात, पण रामायण-महाभारत उघडलं की सगळं कुणीतरी आधीच सांगून ठेवलंय असं वाटतं. तुम्ही गोव्यातल्या फोंड्याचे आहात म्हणून मोकळेपणानं लिहितो.

पहिले दोन महिने ग्रंथ बाजूला ठेवा. गावोगाव हिंडा आणि एकच विचारा: या कथेपायी आजही इथे कोण काय करतं? ज्या कथेनं माणसाला कामाला लावलंय ती कथा जिवंत आहे.

आमच्या पेडण्याच्या बाजूला बेताळाला वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. लहानपणापासून ऐकलेलं. पण एकदा एका देवळात जुना जोड जवळून पाहिला. जाड चामडं, माझ्या पावलाच्या दीडपट लांबी, पट्ट्यावर धूळ. तिथल्या माणसानं डावी वहाण उलटी करून टाच दाखवली. बोलला काहीच नाही, पण परत ठेवताना दोन्ही हातांनी ठेवली. त्या रात्री मी लिहायला बसलो तो देवावर नव्हे, वहाणा शिवणाऱ्यावर. देवाच्या पावलाचं माप तो कुणाला विचारत असेल? माझी पहिली बरी कथा तिथून निघाली.

शिरगावची लईराई घ्या. सात बहिणी आणि एक भाऊ, खेतोबा. सांगतात ते असं: भाऊ विस्तव आणायला गेला, खेळात रमला, उशिरा परतला, म्हणून लईराईनं रागानं त्याला लाथ मारली. मग पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून ती आगीतून चालली. आजही वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. म्हणजे बहिणीच्या एका क्षणाच्या रागाचं ओझं हजारो माणसं वाहतायत! त्यांतली एक बहीण म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मेरी माता, असं हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही मानतात, आणि लईराईकडून तिच्यासाठी तेल जातं. घर बदललेल्या बहिणीला माहेरचं तेल पोचतं तेव्हा ती काय म्हणत असेल? एवढ्यावर तुमचे दोन भाग उभे राहतील.

आणि तुमच्या दारातले देव तर परगावाहून आलेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात, म्हणजे तुमच्या फोंड्याच्या मुलखात आली. तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. शिव आणि विष्णू यांच्या भांडणात मध्ये उभी राहून दोघांना शांत करणारी ती शांतादुर्गा. तिलाच घर सोडावं लागलं. जुवारी नदी ओलांडताना होडीत कोण होतं, मागे काय राहिलं, हे लिहा. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं.

एक सांभाळा. या देवता लोकांच्या रोजच्या आहेत. मी एका नाटुकल्यात बहिणींपैकी एकीला मारून टाकलं होतं, प्रसंग रंगावा म्हणून. प्रयोगानंतर एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, “ती मरूंक ना रे पुता, ती आसा.” मेली नाही, आहे ती, असं. मला फार लागलं ते. तेव्हापासून लिहिलेलं आधी त्या गावात वाचून दाखवतो. कथा बदलायला हरकत नसते, पण कुणाचं काय दुखेल ते आधी कळायला हवं.

ग्रंथ नंतर. सह्याद्रिखंडात परशुरामानं समुद्र हटवल्याची कथा आहे. ती वाचून मग, त्याचा बाण जिथे पडला असं सांगतात त्या बाणावलीच्या किनाऱ्यावर उभे राहा.

संवाद मात्र दशावतारी नटांकडून शिका. लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, मग रंगपटात जो तो आरशात बघत आपला चेहरा आपणच रंगवतो आणि बोलणं रंगमंचावर सुचतं. कथा सगळ्यांना ठाऊक असते, तरी लोक पहाटेपर्यंत बसतात, कारण भांडण नवं असतं. श्राव्य मालिकेला हेच हवं.

कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की पेडण्याकडे या. चादर आणा, थंडी असते. पेटीवाल्याच्या बाजूला जागा धरा. नट शब्द शोधत असतो तेव्हा पेटी त्याला कशी सांभाळून घेते ते तिथूनच नीट ऐकू येतं.