घराच्या अंगणातून आकाश बघायला पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

तुमचे प्रश्न तीन आहेत: ‘५२५ पट मोठं दाखवणारी’ ६० मिमीची दुर्बीण घ्यावी का, की त्यापेक्षा ग्रह आपोआप शोधून देणारी मोटरवाली बरी, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ती हाताळता येईल का. अंगणाच्या एका बाजूला रस्त्याचा दिवा आहे, हेही तुम्ही लिहिलंय. थेट सांगते: १५० मिमी व्यासाच्या आरशाची डॉब्सोनियन (साध्या पेटीसारख्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण) घ्या, उचलणं झेपणार असेल तर २०० मिमीची. आणि घेताना नळीइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, खालच्या बैठकीकडे बघा.

आधी त्या ५२५ चा हिशोब. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, नाभीय अंतर, की झाली विशालन क्षमता, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते. दुर्बिणीच्या ७०० मिमीला आयपीसच्या ४ मिमीने भागलं की १७५, त्यावर तीन पटीचं बार्लो भिंग (विशालन वाढवणारं जादा भिंग) लावलं की ५२५. कागदावर आकडा हवा तेवढा वाढवता येतो, पण भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट, म्हणजे ६० मिमीला १२० पट, याच्या पुढे चित्र फक्त मोठं, अंधूक आणि पुसट होत जातं. मोठ्या दुर्बिणीतही बहुतेक रात्री हवा २००-२५० पटींच्या पुढे जाऊ देत नाही. माझं बरंचसं बघणं ५० ते १५० पटींतच होतं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियनला २५ मिमीचा आयपीस लावला की ४८ पट आणि १० मिमीचा लावला की १२० पट मिळतात. सुरुवातीला एवढे दोन पुरतात. व्यासाचं महत्त्व वेगळं आहे. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट गोळा होतो, आणि अंधूक गोष्टी दिसतात त्या प्रकाशामुळे.

आता बैठक. १५० पटीला गुरू नेहमीच्या आयपीसमधून साधारण ८० सेकंदांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला निघून जातो, कारण पृथ्वी फिरतेय. बारीक पायांच्या तिपाईवर फोकसच्या चकतीला बोट लागलं की ग्रह थरथरायला लागतो. तो स्थिर होईपर्यंत त्या ८० सेकंदांतले कितीतरी गेलेले असतात. मग परत नळी हलवायची, परत थरथर. मुलं दुर्बिणीला कंटाळतात ती इथे. दुकानात नळीवर बोटाने हलकी टिचकी मारून बघा. एक-दोन सेकंदांत सगळं शांत व्हायला हवं.

डॉब्सोनियनचा जन्मच या साधेपणातून झाला. सॅन फ्रान्सिस्कोत वेदान्ताचे संन्यासी राहिलेले जॉन डॉब्सन टाकाऊ काचा घासून स्वतः आरसे बनवत, ते पुठ्ठ्याच्या नळीत बसवत, नळी लाकडी पेटीवर ठेवत आणि दुर्बीण फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवत. १९६८ मध्ये तिथे त्यांच्यामुळे फुटपाथवरच्या खगोलप्रेमींचा गटच उभा राहिला. बैठकीत दातेरी चाकं नाहीत, वजनं नाहीत. नळी डावी-उजवी, वर-खाली ढकलायची, सोडली की तिथेच राहते. तुमची मुलगी हे पहिल्याच संध्याकाळी शिकेल.

स्थिरतेचा एवढा आग्रह का, तर आकाश एका नजरेत दिसत नाही. गुरूच घ्या. पहिल्यांदा डोळा लावलात की पांढरी, झगझगीत चकती आणि एका ओळीत चार ठिपके, म्हणजे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चंद्र. बरेच जण ‘वा!’ म्हणून इथेच उठतात. बसून राहा. दोन-तीन मिनिटांत दोन तपकिरी पट्टे वेगळे होतात. वाहत्या पाण्याच्या तळाशी गोटा दिसावा तशी चकती हलत असते, आणि मधेच क्षणभर हवा निवळते. त्या क्षणात पट्ट्याची कड दातेरी दिसते, ध्रुवाकडचा भाग करडा दिसतो, आणि नशीब असेल तर एखाद्या चंद्राची सावली शाईच्या टिंबासारखी चकतीवरून सरकताना सापडते. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे अर्ध्या तासात पट्ट्यावरची खूण सरकलेली कळते. असे निवळ क्षण गोळा करत बसणं मला या छंदातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

रस्त्याच्या दिव्याचा चंद्र, ग्रह आणि जोडताऱ्यांना फारसा त्रास नाही. चंद्र पौर्णिमेला बघू नका, तेव्हा तो सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हा बघा. सप्तर्षीतला वसिष्ठ नुसत्या डोळ्यांना अरुंधतीसोबत दिसतो, पण दुर्बिणीत तो स्वतःच दोन तारे निघतो. मुलीला हे आधी सांगू नका, तिचं तिला सापडू दे. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये कड आपल्याकडे करून होती, तेव्हापासून पुन्हा हळूहळू उघडतायत. त्यामुळे ती चित्रातल्यापेक्षा बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका.

तेजोमेघांसाठी मात्र दिव्यापासून आडोसा हवा. भिंतीच्या सावलीत बसा, डोक्यावर गडद कापड घ्या, वीस-तीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या आणि मोबाइल खिशात ठेवा. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो, डोळ्याला राखाडी-हिरवट धुकं दिसतं, कारण मंद प्रकाशात डोळ्याला रंग फारसे कळत नाहीत. थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, त्याचे पंख बाहेर पसरत जातात. देवयानी दीर्घिका अंगणातून पुसट डाग म्हणूनच दिसेल. पण तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला आहे.

मोटरवाल्या दुर्बिणीत पैसे मोटरमध्ये जातात आणि त्याच किमतीत आरसा लहान मिळतो. शिवाय आकाश पाठ होत नाही. फोटो काढायचे असतील तर गोष्ट वेगळी. आणि १५० मिमीची आत्ता जमत नसेल तर ६० मिमीच्या त्या खोक्यापेक्षा १०×५० ची (दहा पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, घ्या, कृत्तिका तिच्यात जास्त सुंदर दिसतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, आरसा थंड झाल्याशिवाय चित्र निवळत नाही. फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, दिवसाच लांबच्या खांबावर जुळवून घ्या. आरशांची जुळणी अधूनमधून तपासावी लागते, शिकायला सोपी आहे. उंची बदलता येईल असं स्टूल घ्या, वाकून बघणारं मूल दोन मिनिटांत उठतं. आणि सूर्य: नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा, खास सूर्यासाठीचा फिल्टर असल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवायचीच नाही. आयपीसला लावायचा छोटा सूर्यफिल्टर सोबत आला तर टाकून द्या, तो उष्णतेने तडकतो. फाइंडरमधूनही डोळा तेवढाच जातो, म्हणून दिवसा त्याचंही टोपण लावलेलं असू द्या, आणि मुलगी एकटी असताना दुर्बीण उन्हात उघडी ठेवू नका.