मुंबईतल्या परिषदेला येताना वस्तीतलं आरोग्यकाम आणि परवडणारी घरं पाहायची असतील तर कुठं जावं?

तुमचा प्रश्न असा की, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) सार्वजनिक आरोग्य परिचारिकांची परिषद आहे, त्यातला एक अख्खा दिवस क्षेत्रभेटीसाठी मोकळा आहे, कोल्हापूरहून तुम्ही आठ-दहा जणी येताय, आणि धारावी, एखादा 'आपला दवाखाना', एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनातली) इमारत आणि बीडीडी चाळ हे सगळं त्या एका दिवसात बसेल का.

गाडी केलीत तर बसेल. तरीही तसं करू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. मी एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात, क्षयरोगाच्या कामात बरीच वर्षं आहे. परिषदांना आलेल्या पाहुण्यांना वस्तीत घेऊन जाणं हाही त्याच कामाचा भाग होऊन बसलाय. चार ठिकाणं धावत पाहिलेल्या माणसाच्या हाती शेवटी चार ठिकाणची माहितीपत्रकं राहतात. एकच भाग निवडा आणि पूर्ण दिवस तिथंच काढा. आणि 'सकाळी आरोग्य, दुपारी घरं' अशी वाटणी तर अजिबात नको, कारण मुंबईत हे दोन विषय एकाच खोलीत राहतात.

मी निवडेन तो भाग म्हणजे नटवर पारेख कंपाऊंड, लल्लूभाई कंपाऊंड आणि पीएमजीपी कॉलनी. तिन्ही एम-पूर्वमध्येच, एकमेकांपासून फार लांब नाहीत. रेल्वेमार्गालगत आणि रस्तारुंदीत ज्यांच्या झोपड्या गेल्या अशा हजारो कुटुंबांना एमयूटीपीसारख्या (मुंबईच्या वाहतूक सुधारणेच्या) प्रकल्पांमधून इकडे आणलं. प्रत्येकाला 225 चौरस फुटांची खोली, तीही फुकट. रुळांच्या कडेला ज्यांनी मुलं वाढवली त्यांच्यासाठी स्वतःचं कुलूप लागणारं दार, घरातला संडास आणि रेशनकार्डावर लिहायला पक्का पत्ता ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तिथल्या बायकांच्या तोंडून ऐका. पुनर्वसनावर टीका करणारे हे बऱ्याचदा विसरतात.

आता त्याच घराची दुसरी बाजू. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत हेक्टरी किमान 500 घरं बसवायची अट होती आणि दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेला सूट होती. त्यामुळे सात-आठ मजली इमारती जेमतेम तीन मीटरच्या अंतरानं उभ्या राहिल्या. नटवर पारेखमध्ये भर दुपारी बारा वाजता तळमजल्याच्या खोलीत जा. ट्यूबलाइट चालू असेल. ती घालवायला सांगा आणि हातातलं औषधाचं पाकीट वाचता येतंय का बघा. मग जिना चढून सहाव्या मजल्यावर जा आणि तेच पाकीट तिथं वाचा. लिफ्ट चालू मिळेल असं धरून चालू नका, गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींना आधीच सांगून ठेवा.

या तीन वसाहतींचा अभ्यास 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी मिळून केला आहे. उजेड आणि वारा जिथं कमी पोचतो तिथं क्षयरोग जास्त, विशेषतः खालच्या मजल्यांवर, असं त्यात दिसलं. तिघांत पीएमजीपी कॉलनीची स्थिती कितीतरी बरी निघाली. तिथं इमारतींमध्ये अंतर आहे, सूर्यप्रकाश आत येतो. विभाग तोच, माणसं त्याच परिस्थितीतली, औषधं देणारी यंत्रणाही तीच. म्हणूनच म्हणते, नटवर पारेख आणि पीएमजीपी एकाच दिवशी पाहा. इमारतींच्या रचनेचा क्षयाशी काय संबंध, हे एरवी तासाभराच्या व्याख्यानात कळत नाही ते तिथं चालताना कळतं.

परिचारिका म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट तिथं जाणवेल. आपण सगळ्या रुग्णाला सांगतो, 'खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा.' नटवर पारेखमध्ये खिडकी उघडली की समोर तीन मीटरवर दुसऱ्याची खिडकी, आणि खाली दोन इमारतींमधल्या बोळात वरून टाकलेला कचरा, तुंबलेलं सांडपाणी, उंदीर, डास. तरण्या मुली असलेल्या घरानं खिडकी कशी उघडी ठेवायची? तिथल्या बाईला सल्ला कळत नाही असं मुळीच नाही, तिला तो पाळायला जागाच नाही. ही गोष्ट समजली की आपण पुढच्या घरी बोलतो ते वेगळं बोलतो. पहिला प्रश्न गोळ्या वेळेवर घेता का हा राहत नाही. बोळ कधी साफ झाला, सोसायटीत त्यावर कोण बोलतं, वॉर्ड ऑफिसात तक्रार कोणी दिली, हे विचारलं जातं.

दिवसाची सुरुवात मात्र इमारतीपासून करू नका, आरोग्यसेविकेपासून करा. मुंबई महापालिकेचं वस्तीपातळीवरचं आरोग्यकाम हेल्थ पोस्टमधून, म्हणजे वस्तीतल्या छोट्या आरोग्य केंद्रांतून चालतं, आणि दारोदार जाणाऱ्या असतात त्या आरोग्यसेविका. हल्ली जोडीला आशा ताईही आहेत. गरोदर बाई कुठल्या घरात आली, कुणाचं लसीकरण राहिलं, कुणाला तीन आठवडे खोकला आहे, गावाला गेलेलं कुटुंब परत आलं का, हे सगळं तिच्या वहीत असतं आणि वहीच्या आधी डोक्यात असतं. यांतल्या बहुतेकींना अनेक वर्षं पगाराऐवजी मानधनावर राबवलं गेलंय आणि हक्कांसाठी त्यांना रस्त्यावर आणि कोर्टात भांडावं लागलंय. तिच्याबरोबर सकाळची एक फेरी करा. नऊ-साडेनऊच्या सुमारास ती निघते, उन्हं चढायच्या आत बरीच घरं उरकते.

तिच्याबरोबर चालताना दारांकडे लक्ष ठेवा. पोलिओच्या फेरीनंतर दारावर किंवा चौकटीशेजारी खडूनं खूण केलेली असते, घराचा क्रमांक, तारीख, आणि 'पी' किंवा फुली. 'पी' म्हणजे त्या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला, फुली म्हणजे कुणीतरी राहिलं, परत यायचंय. कधी एकाच चौकटीवर जुन्या फेऱ्यांच्या पुसट खुणा एकावर एक दिसतात. फुलीच्या घरी ती कशी बोलते ते ऐका. मूल मामाकडे गेलंय, की सासऱ्यांचा विरोध आहे, की आई कामावर आणि दार मोठ्या बहिणीनं उघडलंय, प्रत्येकाला तिचं उत्तर वेगळं असतं. हे कौशल्य कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नीट उतरलेलं मी पाहिलेलं नाही.

क्षयाचा रुग्ण असलेल्या घरी गेलात तर निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात आले का, हे तिला विचारू द्या. महिन्याला 500 रुपये मिळायचे ते नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. बँक खातं आणि आधार जुळलेलं नसलं की पैसे अडकतात आणि ते सोडवण्यात तिचे कितीतरी तास जातात.

'आपला दवाखाना' पाहायला वेगळा दिवस नको, वाटेत लागेलच. 2022 च्या नोव्हेंबरपासून महापालिकेनं ते सुरू केले. तपासणी आणि औषधं मोफत, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळीही उघडे असतात, त्यामुळे रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडत नाही. संध्याकाळी परत जाताना अर्धा तास थांबलात तरी रांगेत कोण आहे ते दिसेल.

मानखुर्दलाच वेळ उरला तर मिलन नगर विचारत जा. भायखळ्याच्या फूटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या 'महिला मिलन'मधून ती वसाहत उभी राहिली. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटल्यातला निकाल आला, पालिकेला फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला मोकळीक मिळाली. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेनं फूटपाथवासीयांची गणती केली. आम्ही कोण, कुठून आलो, काय कमावतो, हे पहिल्यांदा कागदावर आलं. पुढे या बायकांनी रोजची थोडी थोडी बचत केली, आणि आपलं घर केवढं हवं, माळा किती उंचीवर हवा, हे स्वतः ठरवलं. मापासाठी टेप कुठली असणार, साडीच्या लांबीनं मोजलं. आर्किटेक्टच्या आधी त्यांनी खोली आखली होती. घराच्या प्रश्नात राहणाऱ्या बाईला विचारलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला मुंबईत दुसरं माहीत नाही.

आता तुमच्या यादीतल्या बाकीच्या जागा. बीडीडी चाळींचं महत्त्व मोठं आहे. 1920 च्या दशकात बांधलेल्या 160 चौरस फुटांच्या खोल्या, त्या जागी म्हाडा 500 चौरस फुटांची घरं देतंय, आणि वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या किल्ल्या वाटल्या. पण तिथलं आरोग्यकाम पाहायचं म्हणून जाल तर बघण्यासारखं थोडं आहे. ज्यांचा रस घरांच्या धोरणात आहे त्यांनी वेगळं जावं.

धारावीचं सांगते. 2020 मध्ये कोविडच्या काळात तिथं घरोघर जाऊन तपासणी झाली, शाळा-हॉलमध्ये विलगीकरण झालं, जागतिक आरोग्य संघटनेनंही दखल घेतली, म्हणून तुम्हाला जावंसं वाटतंय हे मी समजू शकते. पण पुनर्विकासाचं सर्वेक्षण आणि त्यावरून पात्र-अपात्रतेची धाकधूक तिथल्या घराघरात आहे. हातात वही घेतलेला अनोळखी माणूस दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. जायचंच असेल तर तिथं आधीपासून काम करणाऱ्यांच्या सोबतीनं जा. 'स्नेहा' संस्था 1999 पासून वस्त्यांमध्ये माता-बालकांच्या आरोग्यावर काम करते. तिच्या संस्थापक डॉ. आर्मिडा फर्नांडिस या शीव (सायन) रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागातल्या. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी त्यांनीच 1989 मध्ये शीव रुग्णालयात सुरू केली. तुमच्यात नवजात कक्षात काम करणाऱ्या कुणी असतील तर त्यांनी दुग्धपेढीची भेट जरूर मागावी.

आणि मुक्काम एखाद्या दिवसानं वाढवणार असाल तर कांदिवली पश्चिमेला चारकोपला जा. तिथं कुणी पाहुण्यांना नेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून तिथं तयार घरांऐवजी छोटे भूखंड दिले गेले, रस्ता, पाणी, गटारं आधी, आणि घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. मधे सामाईक चौक, भोवती घरं, त्यांची मिळून सहकारी सोसायटी. लोकांनी आधी एक खोली बांधली, पोरं कमावती झाल्यावर वरचा मजला चढवला. आज त्या चौकांत तुळशीची वृंदावनं आहेत, पोरं सायकली चालवतात आणि घरांना उजेड आहे. नटवर पारेख पाहून आल्यावर चारकोप पाहिलंत की दोन्ही घरं गरिबांसाठीच आखलेली होती यावर विश्वास बसत नाही. चारकोपच्या जागांच्या किमती आता गरिबाच्या आवाक्याबाहेर गेल्यात, हेही खरं आहे, आणि त्यावरही तिथल्या जुन्या रहिवाशांशी बोला.

व्यवस्थेबद्दल थोडं. पालिकेच्या हेल्थ पोस्टला किंवा दवाखान्याला भेट द्यायची तर परिषदेच्या लेटरहेडवर कार्यकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या, त्याची प्रत एम-पूर्वच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. महिनाभर आधी द्या, आणि फोननं पाठपुरावा करा. रविवार नको, हेल्थ पोस्ट बंद आणि हार्बरवर मेगाब्लॉक. बीकेसीहून कुर्ला गाठा, तिथून पनवेल किंवा वाशी लोकलनं गोवंडी. सकाळच्या वेळी गर्दी उलट्या दिशेला असते. पाण्याची वेळ आधी विचारून घ्या, नळ आलेला असताना कुणाच्याही दारात उभं राहू नका.

225 चौरस फुटांत दहा जणी मावत नाहीत. दोघी-दोघी वेगवेगळ्या सेविकांबरोबर जा. परिषदेचं गळ्यातलं ओळखपत्र पिशवीत ठेवा. क्षयाच्या घरासमोर पाहुण्यांचा घोळका दिसला की शेजारीपाजारी अंदाज बांधतात, आणि त्या घरातल्या मुलीचं जमणारं लग्न त्यापायी मोडू शकतं. फोटो कुणाच्याच घरात नकोत, 'विचारून काढला' हेही नको, कारण सेविकेबरोबर आलेल्या बाईला नाही म्हणणं अवघड असतं. मुलांना बिस्किटं वाटू नका. दुपारचं जेवण मात्र वस्तीतल्या बचत गटाकडे सांगा आणि चांगले पैसे द्या.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आयोजकांना आत्ताच लिहा. क्षेत्रभेटीनंतरच्या दिवशी सकाळी तासभर चर्चेला ठेवा, आणि तुम्हाला वस्तीत फिरवणाऱ्या आरोग्यसेविकांपैकी दोघींना व्यासपीठावर बोलवा. मराठीत बोलू द्या, स्लाइड मागू नका. जाण्यायेण्याचा खर्च आणि इतर वक्त्यांना देता तेवढंच मानधन त्यांनाही द्या, आणि त्या दिवसाची त्यांची हजेरी कापली जाणार नाही असं पत्र पालिकेला आधीच गेलेलं असू द्या. तारखा नक्की झाल्या की इथं खाली लिहा, त्या आठवड्यात पोलिओची फेरी आहे का ते मी विचारून सांगते.