रात्रपाळीचे तास वजा का येतात?

प्रश्न : आमच्या जिनिंगची रात्रपाळी रात्री १० ते सकाळी ६:३०. एक्सेलमध्ये सुटण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा केली की नुसते #### दिसतात. (परभणी)

उत्तर : एक्सेलला वेळ म्हणजे दिवसाचा अंश. २२:०० म्हणजे ०.९१६७, ६:३० म्हणजे ०.२७०८, वजाबाकी उणे येते आणि उणे वेळ त्याला दाखवता येत नाही. बी२ मध्ये येण्याची, सी२ मध्ये सुटण्याची वेळ असेल तर =मॉड(सी२-बी२,१) लिहा, फक्त अक्षरं आणि आकडे इंग्रजी हवेत. उत्तर ८:३०. जेवणाची सुट्टी डी२ मध्ये ०:३० अशी भरून तीही वजा करा, ८:०० उरतील. हेच सूत्र दिवसपाळीलाही चालतं. मजुरीच्या दराने गुणण्याआधी मात्र २४ ने गुणा, नाहीतर मजुराच्या हाती चोविसावा हिस्साच पडेल.

महिन्याच्या बेरजेच्या खान्याला तासांभोवती चौकटी कंस असलेला [h]:mm हा फॉरमॅट द्या. नाहीतर ८ तासांच्या २६ पाळ्यांचे २०८ तास नुसते १६:०० दिसतात.

वेळ टिंबाने कधीच भरू नका. २२.०० आणि ६.३० भरलं तर हेच सूत्र ०.३, म्हणजे ७:१२ देतं. आकडा खरा वाटतो, म्हणून चूक महिनोन्महिने सापडत नाही.