घराला पाचपट भाव आलाय, विकू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वडिलांनी घेतलेल्या घरात तुमची ४० वर्षं गेली. आता शेजारची जुनी कुटुंबं एकेक करून उठून चालली आहेत. घरपट्टी ३ वर्षांत दुप्पट झाली आणि वर्षाकाठी तुमचा दीड महिन्याचा पगार घेऊन जाते. त्यात एक खरेदीदार मूळ किमतीच्या पाचपट रोख देतोय, मुदत १५ दिवसांची. माझं मत आधीच सांगते: या १५ दिवसांत सही करू नका.

पाचपट हा आकडा डोक्यातून काढा. वडिलांनी काय दिलं होतं याच्याशी आता काही देणंघेणं नाही. पुढचं घर केवढ्याला पडणार, ते बघायचं. समजा आज किंमत १०० आली. कर, दलाली, दुरुस्तीच्या कर्जाची बाकी आणि सामान हलवणं जाऊन हातात ८२ उरले. त्याच वस्तीत निम्म्या आकाराचं घर ९० ला असेल, तर तिथलं दार तुम्हाला कायमचं बंद. भाड्याने राहिलात तर वर्षाला भाडं ४ आणि ८२ वर ६ टक्क्यांनी व्याज ४.९२. पहिल्या वर्षी बरं वाटतं. पण भाडंही दरसाल ६ टक्क्यांनी चढलं, तर पाचव्याच वर्षी ते व्याजाच्या पुढे जातं आणि मुद्दल खर्ची पडायला लागतं. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे घालून हाच हिशेब मांडा.

पत्रात एक ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात. तुम्ही कामावर असता तेव्हा दुपारी २ वाजता शेजारीण तिच्याकडच्या किल्लीने दार उघडते आणि आईच्या डोळ्यांत थेंब घालते. दूर गेलात की यासाठी पगारी बाई लागेल, आणि १० मिनिटांसाठी कुणी येत नाही, अर्ध्या दिवसाचे पैसे मोजावे लागतात. ती रक्कमही मांडा.

घरपट्टी मुकाट्याने भरू नका. वाढीव मूल्यांकनावर बहुतेक ठिकाणी हरकत घेता येते, फक्त नोटिशीतली मुदत चुकवू नका. जुन्या रहिवाशांना सवलत आहे का, हेही पालिकेत जाऊन विचारा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १० वर्षं किंवा जास्त काळ स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मूल्यांकन एकदम उसळलं, तर उत्पन्नाच्या अटीवर दिलासा मिळतो. कॅलिफोर्नियात १९७८ पासून घर त्याच मालकाकडे असेपर्यंत करपात्र मूल्य साधारणपणे वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढू देत नाहीत. वरची खोली भाड्याने दिली तर उरलेला भारही हलका होईल.

मला खरी काळजी वाटते ती कागदांची. घर अजून वडिलांच्या नावावर आहे आणि आईशिवाय तुम्ही तिघं भावंडं वारस. पुष्कळ ठिकाणी एक वारस आपला अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा परस्पर विकू शकतो. घेणारा मग वाटणीसाठी कोर्टात जातो, आणि घराचे तुकडे पडत नाहीत म्हणून अख्खं घर विकायचा हुकूम होऊ शकतो. अमेरिकेत अशा वाटेने कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांच्या जमिनी गेल्या. शेवटी २०१० मध्ये तिथे एक नमुना कायदा, म्हणजे राज्यांनी स्वीकारावा असा मसुदा, तयार झाला. कुणी वाटणीसाठी विक्री मागितली, तर त्याचा हिस्सा आधी बाकीच्या वारसांना विकत घेता येतो, अशी सोय त्यात आहे. तुमच्याकडे असं संरक्षण आहे का, हे वकिलाला विचारा आणि वारसनोंद या महिन्यातच करून घ्या. तोवर रिव्हर्स मॉर्गेज, म्हणजे राहतं घर तारण ठेवून घेतलेलं आणि बहुधा कर्जदाराच्या पश्चात फेडायचं कर्ज, नको. कर्ज एकट्या आईच्या नावावर घेतलं, तर तिच्या पश्चात ते फेडण्यासाठी तुम्हालाच घर विकायची वेळ येऊ शकते.

सवलत मिळूनही घरपट्टी झेपली नाही, किंवा आईला जिना चढवेनासा झाला, तर विका. तेव्हा मी अडवणार नाही. पण ते तुमच्या सवडीने, दोन-तीन खरेदीदारांकडून भाव काढून.

धाकट्या भावाच्या मनात काय आहे, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. आज रात्रीच त्याला फोन करा. या खरेदीदाराने त्याला आधीच गाठलंय का, हे पहिलं विचारा.