लॉग पुढे की घात पुढे? आणि "शेवटी" म्हणजे नक्की कधी?

प्रश्न : सर, मी रत्नागिरीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅडम म्हणाल्या की एक्सचा कुठलाही पॉझिटिव्ह घात, अगदी ०.०१ असला तरी, शेवटी लॉग एक्सच्या पुढे जातो. मी मोबाईलवर एक कोटीपर्यंत ग्राफ काढला तर लॉगच वर, आणि अंतर वाढतंच चाललंय. मग शेवटी म्हणजे कधी? आणि कुठलीही दोन फंक्शन्स घेतली तरी कोणीतरी एक जिंकतंच का?

उत्तर : मॅडम पण बरोबर आणि तुझा ग्राफ पण बरोबर, फक्त एक कोटी हा आकडा इथे किस झाड की पत्ती. एक कोटीला लॉग (नॅचरल लॉग हां) १६.१ आणि एक्सचा ०.०१ वा घात जेमतेम १.१७. अंतर वाढत राहतं ते एक्स म्हणजे १ वर २०० शून्यं होईपर्यंत, तिथे घात बरोब्बर १०० आणि लॉग ४६० च्या वर, मग तिथून अंतर कमी व्हायला लागतं आणि एक्स २८२ आकडी झाला की घात एकदाचा पुढे जातो, परत मागे येत नाही. हे बघायचं असेल तर एक्सच्या जागी ई चा (नॅचरल लॉगचा पाया तो ई) टी वा घात घाल. मग लॉग म्हणजे नुसता टी, आणि घात म्हणजे ई चा टी भागिले १०० वा घात. ० ते ७०० पर्यंत ग्राफ काढ, ६४७ च्या जरा पुढे रेघा छेदताना मोबाईलवरच दिसतील.

आता दुसरा भाग, आणि खरी गंमत तिथेच आहे. कुठलीही दोन घेतली तर नाही जिंकत. मांडवीच्या जेट्टीवर पाण्याची उंची वेळेनुसार मांड, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती, अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे पाणी सरासरीच्या वर जातं, खाली येतं, परत वर. "शेवटी कोण वर" या प्रश्नाला इथे उत्तरच नाही, साइनचं पण तेच.

हार्डी फील्ड म्हणजे असली डगमगणारी फंक्शन्स जिथे शिरूच शकत नाहीत असा संच. अट ऐकायला साधी आहे: एक्स खूप मोठा झाल्यावर फंक्शन कसं वागतं तेवढंच बघायचं, आणि संचातल्या फंक्शन्सची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा दर) सगळं संचातच राहिलं पाहिजे. बस. आता बघ यातून काय काय निघतं. एखादं फंक्शन एफ कायमचं शून्य होत नसेल तर १ भागिले एफ पण संचात हवं, म्हणजे एका टप्प्यानंतर एफ शून्याला शिवताच कामा नये, आणि ते कंटिन्युअस आहे म्हणजे शून्याला न शिवता चिन्ह बदलूच शकत नाही. डेरिव्हेटिव्ह पण संचातलाच, म्हणजे त्याचंही चिन्ह पक्कं (किंवा तो कायमचा शून्य), म्हणजे एफ शेवटी नुसतं चढतं, नुसतं उतरतं किंवा सपाट राहतं. आणि संचातलं दुसरं फंक्शन जी घेतलं तर एफ वजा जी पण संचात, त्यामुळे शेवटी एक वर राहणार किंवा दोघं तंतोतंत सारखी होणार. एफ भागिले जी ला लिमिट असतेच, शून्य, एखादा आकडा नाहीतर अनंत. भागाकाराच्या एका अटीतून एवढं सगळं फुकट मिळतं, मला हे अजूनही भारी वाटतं. एक्स, आकडे, लॉग, एक्स्पोनेन्शियल आणि चार क्रिया वापरून तू जे काही लिहिशील (शेवटी त्याला अर्थ असला म्हणजे झालं) ते अशाच एका फील्डमध्ये बसतं, म्हणून मॅडम एवढ्या खात्रीने बोलल्या.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून लिहितोय, रिटायर झाल्यावर गणिताचा नाद लागलाय. असिम्प्टॉटिक मालिका डायव्हर्ज होते (बेरीज कुठल्याच आकड्यावर स्थिरावत नाही) तरी लोक ती वापरतात, ही चलाखी नाही का?

उत्तर : नाही काका, प्रश्न वेगळा आहे एवढंच. नेहमीच्या मालिकेत एक्स धरून ठेवायचा आणि पदं वाढवायची, इथे पदं ठरवून टाकायची आणि एक्स वाढवायचा, मग चूक शेवटच्या घेतलेल्या पदापुढे नगण्य होत जाते. दहा लाखांपर्यंत मूळ संख्या आहेत ७८,४९८. लॉगरिदमिक इंटिग्रल म्हणून मूळ संख्यांचा अंदाज देणारं जे फंक्शन आहे ते सांगतं साधारण ७८,६२७. आता त्याची मालिका: एक पद घेतलं, म्हणजे एक्स भागिले लॉग एक्स, तर ७२,३८२, दोन घेतली तर ७७,६२२, तीन ७८,३८०, चार ७८,५४५. पुढचं प्रत्येक पद मिळवायला आधीच्याला १, २, ३ असं गुणत जायचं आणि दर वेळी १३.८ ने (दहा लाखांचा लॉग तो) भागायचं, त्यामुळे चौदाव्या पदापर्यंत ती लहान होतात आणि पंधराव्यापासून फुगायला लागतात. तिथे थांबायचं! हट्टाने पुढे गेलात तर बेरीज हाताबाहेर जाणार. चार पदांची बेरीज खऱ्या मोजणीच्या जास्त जवळ दिसते पण तो योगायोग समजा, मालिका त्या इंटिग्रलची आहे, मूळ संख्यांची नाही. मूळ संख्या मोजणारं फंक्शन पायऱ्यापायऱ्यांचं, ते हार्डी फील्डमध्ये बसतच नाही, इंटिग्रल मात्र आरामात बसतं.

प्रश्न : हे हार्डी म्हणजे रामानुजनवालेच का? (मालवण)

उत्तर : हो, तेच. कोणतं फंक्शन किती वेगाने वाढतं यावरचं त्यांचं छोटं पुस्तक १९१० चं, म्हणजे रामानुजन केंब्रिजला पोचायच्या चार वर्षं आधीचं. मूळ कल्पना त्याहून जुनी, पॉल द्यू ब्वा-रेमाँ या जर्मन गणितज्ञाची, आणि हार्डी फील्ड हे नाव नंतर फ्रान्सच्या बुर्बाकी मंडळींनी (या एकाच टोपणनावाने लिहिणारा गणितज्ञांचा गट) ठेवलं.