वाचकांचे प्रश्न : झड लागलेल्या साल्झबर्गमध्ये पायी

प्रश्न : जुलैमध्ये मुलीकडे म्युनिकला जाणार आहोत. तेथून दोन दिवस ऑस्ट्रियातील साल्झबर्ग पाहण्याचा बेत आहे; परंतु तेथे उन्हाळ्यातच सर्वाधिक पाऊस पडतो, असे मुलगी सांगते. माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. अशा पावसात पायी हिंडून जुने शहर पाहणे शक्य आहे का, की बेत रद्द करावा? किल्ला पाहण्याची मात्र फार इच्छा आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : बेत रद्द करू नये. आपल्या कन्येचे म्हणणे खरे आहे. वायव्येकडून येणारे दमट वारे आल्प्सच्या उत्तर उतारावर अडतात आणि त्यांच्या पायथ्याशी वसलेल्या साल्झबर्गवर रिते होतात. तेथील लोक या पावसाला ‘श्न्यूर्लरेगन’, म्हणजे दोऱ्यांचा पाऊस म्हणतात. तो आपल्या वळवासारखा कोसळून मोकळा होत नाही. आपल्याकडे श्रावणात झड लागते, तसा बारीक धारांनी दिवसभर पडत राहतो. पुण्याच्या माणसाला त्याचे भय वाटू नये. गारठ्याचे मात्र वाटावे, कारण जुलैतही अशा दिवशी स्वेटर लागतो.

या शहराचे जुने भाग डोंगर आणि साल्झाख नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने उभे राहिले. जागा अपुरी असल्याने घरे अरुंद, उंच आणि खोल बांधली गेली, आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाण्यासाठी घरांच्या पोटातूनच वाटा काढल्या गेल्या. गेट्राइडेगासे या मुख्य गल्लीत घडीव लोखंडाच्या पाट्या पाहत सगळे पुढे सरकत असतात आणि पावसात छत्र्यांच्या काड्या एकमेकींत अडकतात. तेथे रेनकोट बरा. आपण मात्र मध्येच एखाद्या कमानीत शिरावे. बोळ, मग चौक, कधी कमानींचे सज्जे, आणि पलीकडे विद्यापीठाचा चौक, असा हा प्रवास बराचसा छपराखालून होतो. याच गल्लीतील ९ क्रमांकाच्या घरात २७ जानेवारी १७५६ रोजी संगीतकार मोझार्टचा जन्म झाला. घर पाहावे, पण पावसाच्या दिवशी सारे प्रवासी तेथेच आसरा घेतात, म्हणून दार उघडताच जाणे उत्तम.

विद्यापीठाच्या चौकात फिशर फॉन एर्लाख या वास्तुकाराने रचलेले, १७०७ मध्ये अभिषेक झालेले कोलेगिएनकिर्शे हे चर्च आहे. त्याचे अंतरंग जवळजवळ संपूर्ण पांढरे असून, माझ्या मते ते ढगाळ दिवसाच्या मऊ उजेडातच अधिक खुलते. तेथून थोड्याच अंतरावर ‘डोमक्वार्टियर’ लागते. पूर्वी येथे राज्य करणाऱ्या आर्चबिशपांचा राजवाडा, कॅथेड्रल आणि संत पीटरचा मठ यांना जोडणारा हा फेरा २०१४ पासून लोकांसाठी खुला आहे, आणि मधली एक गच्ची सोडली तर तो सगळा आतूनच होतो. ऑर्गनच्या सज्जातून कॅथेड्रलचा गाभा खाली दिसतो. खाली उतरल्यावर दारांवरील ७७४, १६२८ आणि १९५९ हे आकडे अवश्य वाचावेत : पहिल्या कॅथेड्रलचे, आजच्या इमारतीचे आणि १९४४ च्या बॉम्बफेकीत कोसळलेला घुमट पुन्हा उभारल्यानंतरच्या अभिषेकाचे ते वर्ष आहे. सिंहांच्या पाठीवर तोललेले १३२१ चे ब्राँझचे बाप्तिस्मापात्र आतच आहे. मोझार्टचा बाप्तिस्मा त्यातच झाला.

पाण्याचे आणि या शहराचे नाते समजून घ्यायचे असेल, तर संत पीटरच्या मठाच्या आवारातील जुन्या बेकरीपाशी थांबावे. तेथील पाणचक्कीला पाणी पुरवणारा आल्मकनाल हा कालवा बाराव्या शतकात डोंगराच्या पोटातून बोगदा खणून शहरात आणला गेला. डोंगराने मात्र या शेजाराची किंमतही वसूल केली आहे. हा म्योंख्सबर्ग वाळू-गोट्यांनी सांधलेल्या खडकाचा असल्याने भेगांत पाणी शिरून दरडी सुटतात. १६६९ मध्ये कोसळलेल्या दरडीने दोनशेहून अधिक माणसे मेली. तेव्हापासून शिकलेला धडा म्हणून दोरांवर लोंबकळून सैल दगड पाडणारे कामगार शहराच्या सेवेत आजही आहेत. कड्याला चिकटलेली घरे पाहिली की त्यांची गरज पटते. शेजारच्या स्मशानभूमीत कमानींखालून फिरता येते. कड्यात कोरलेल्या गुहांच्या पायऱ्या मात्र आपल्या पत्नीने ओल्या दिवशी टाळाव्यात.

राहता राहिला किल्ला. १०७७ मध्ये बांधायला सुरुवात झालेल्या होहेनझाल्झबुर्गवर १८९२ पासून रुळांवरची गाडी जाते, त्यामुळे गुडघ्यांची अडचण नाही. परंतु किल्ल्याचा निम्मा आनंद तटावरून दिसणाऱ्या डोंगरांत आहे आणि ढग उतरले की तो हरवतो. म्हणून तिकीट आधी काढून ठेवू नये. दोन दिवसांत जेव्हा केव्हा उघडीप मिळेल, तेव्हा हातातले सारे सोडून प्रथम वर जावे, आणि गल्ल्या, चर्च व राजवाडा पावसासाठी राखून ठेवावेत. चामड्याच्या तळव्यांचे बूट नेऊ नयेत. ओल्या फरसबंदीवर ते घसरतात.