वाचकांचे प्रश्न : थांबवलेल्या व्हिडिओतून आणि गेममधून चित्र कसं टिपायचं

प्रश्न : आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुन्या विसर्जन मिरवणुकीचे फोटो हवे आहेत. फोटो एकही उरलेला नाही. टेपवरून उतरवून घेतलेली डीव्हीडी मात्र आहे. ती लॅपटॉपवर लावून, थांबवून प्रिंट स्क्रीन घेतलं, तर लेझीम खेळणाऱ्यांच्या हातांवर आडव्या रेघा येतात. मूर्ती मात्र स्वच्छ दिसते. डीटीपीवाले म्हणतात, एवढ्या लहान फोटोचं काही होणार नाही. काय करावं?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मूर्ती स्वच्छ आणि हात फाटलेले, यातच कारण दडलेलं आहे. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या (टीव्ही-टेपच्या जुन्या मानकाच्या) व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं बनलेलं असतं. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. या दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग एवढं अंतर असतं. तेवढ्यात मूर्ती हलत नाही, पण लेझीम धरलेला हात चांगला बोटभर सरकतो. थांबवल्यावर दोन्ही अर्धी एकावर एक दिसतात आणि हाताच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात.

आधी डिस्कमधल्या सगळ्या फाइल्स हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. जुनी डिस्क पुन्हा पुन्हा मागेपुढे फिरवली की ड्राइव्ह अडखळतो आणि चित्रात चौकोन येतात. मग फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडा. व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (दोन अर्ध्या चित्रांच्या रेघा घालवणारी सोय) ‘ऑन’ करा आणि त्याखालच्या डीइंटरलेस मोडमध्ये ‘याडिफ’ निवडा. व्हिडिओ थांबलेला असताना हा बदल केला तर समोरचं चित्र तसंच राहतं, म्हणून चालू असतानाच करा. हव्या त्या जागेच्या दोनेक सेकंद आधी थांबवा आणि ‘ई’ दाबत एकेक चित्र पुढे न्या. शेजारशेजारच्या चित्रांत एक गचाळ आणि एक लख्ख असं बऱ्याचदा असतं. हात वर गेला की क्षणभर थांबतो, ढोलावर टिपरू पडण्याआधी ते क्षणभर अधांतरी असतं. तो क्षण शोधा. मग शिफ्ट आणि एस एकत्र दाबा.

प्रिंट स्क्रीन इथे वापरूच नका, कारण ते तुमच्या लॅपटॉपच्या पडद्याचं चित्र काढतं, व्हिडिओचं नाही. प्लेअरने डीव्हीडीचं चित्र पडद्याएवढं ताणलेलं असतं, ते ताणलेलंच तुमच्या हाती येतं. शिफ्ट-एसने प्लेअर स्वतःच्या हातातलं मूळ चित्र फाइलमध्ये लिहितो. ही फाइल विंडोजच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये जाते. टूल्स, प्रेफरन्सेस, व्हिडिओ इथे जाऊन फोल्डर बदलता येतो. तिथेच फॉरमॅट पीएनजी (ज्यात चित्राचा बारकावा कमी होत नाही) आहे ना, तेही पाहून घ्या.

माणसं थोडी सडपातळ दिसत असतील, तर फाइलचं माप पाहा. पाल डीव्हीडीवर चित्र ७२० बाय ५७६ असं साठवलेलं असतं, पण जुन्या ४:३ पडद्यावर ते ७६८ बाय ५७६ एवढं दिसायचं असतं. फाइल ७२० ची निघाली असेल तर फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उंची तशीच ठेवून रुंदी ७६८ करा.

आता छपाई. डीटीपीवाल्यांचं म्हणणं खरं आहे. इंचाला ३०० ठिपके धरले तर ७६८ ठिपक्यांचा फोटो जेमतेम साडेसहा सेंटिमीटर रुंद छापता येतो. इंचाला २०० वर उतरलात तर पावणेदहा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि आठवणींच्या पानावर तेवढं खपून जातं. प्रोग्रॅममध्ये डीपीआयचा (इंचाला ठिपक्यांचा) आकडा वाढवून फोटोत नवा तपशील येत नाही. पानभर एक फोटो ताणण्यापेक्षा चार लहान फोटो लावा, पान जास्त बोलकं होईल. आणि तुमच्याकडे डीव्हीडीऐवजी व्हीसीडी असेल (फाइल्सच्या नावाशेवटी ‘डॅट’ असतं), तर रेघांचा त्रास नाही, पण चित्रच ३५२ बाय २८८ चं असतं, म्हणजे ३०० डीपीआयला तीन सेंटिमीटर. मूळ टेप कुणाच्या माळ्यावर असेल तर ती शोधणं सर्वात श्रेयस्कर.

प्रश्न : कॉलेजच्या नियतकालिकात चित्रपट-परीक्षण लिहितो. ओटीटीवर चित्रपट थांबवून स्क्रीनशॉट घेतला की चित्राच्या जागी काळा चौकोन येतो, पण खालचे सबटायटल मात्र दिसतात. ब्राउझर बिघडला आहे का?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर : ब्राउझर ठीक आहे. सबटायटल आणि बटणं ब्राउझर स्वतः वर रंगवतो, म्हणून ती टिपली जातात. चित्रपट मात्र कुलूपबंद येतो आणि उलगडलेलं चित्र सुरक्षित वाटेने थेट पडद्याकडे जातं. स्क्रीनशॉट घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाट्याला फक्त रिकामा चौकोन येतो. कुलूप चुकवण्याचे उपाय इंटरनेटवर सांगितले जातात, त्यांच्या नादी लागू नका. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आलं आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा ठरलं.

परीक्षणासाठी सोपा मार्ग आहे. निर्मात्यांनी यूट्यूबवर टाकलेल्या अधिकृत ट्रेलरमधून चित्र घ्या आणि खाली श्रेय द्या. आधी गिअरच्या चिन्हातून दर्जा स्वतः १०८० वर न्या. ‘ऑटो’वर ठेवलंत तर नेट मंद असताना ४८० चं धूसर चित्र पदरी पडतं. थांबवल्यावर स्वल्पविरामाची कळ एक चित्र मागे आणि पूर्णविरामाची एक चित्र पुढे नेते. मग क्रोममध्ये व्हिडिओवर माउसचं उजवं बटण दोनदा दाबा. पहिल्यांदा यूट्यूबचा मेनू येतो, दुसऱ्यांदा ब्राउझरचा. त्यात व्हिडिओ फ्रेम कॉपी किंवा सेव्ह करण्याचा पर्याय असतो. फायरफॉक्समध्येही याच मार्गाने स्नॅपशॉट घेता येतो. यात बटणं येत नाहीत आणि लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ चा असला तरी चित्र पूर्ण १९२० बाय १०८० चं मिळतं. निर्मितीसंस्थेकडे मेल करून प्रसिद्धीचे फोटो मागायलाही संकोच करू नका.

प्रश्न : गेम खेळताना प्रिंट स्क्रीन दाबलं की पेंटमध्ये कधी काळं चित्र, कधी मागचा डेस्कटॉप. मित्राच्या नव्या मॉनिटरवर चित्र येतं, पण पांढुरकं.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. काही गेम ‘फुलस्क्रीन’ मोडमध्ये पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतात आणि विंडोजला बाजूला सारतात. प्रिंट स्क्रीन विंडोजला विचारतं, आणि विंडोजकडे गेमचं चित्रच नसतं. गेमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘बॉर्डरलेस’ निवडा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबा. हा विंडोजमधल्याच गेम बार या सोयीचा शॉर्टकट आहे आणि फाइल व्हिडिओज फोल्डरमधल्या कॅप्चर्समध्ये जाते. पिक्चर्समध्ये शोधत बसू नका. स्टीम या गेमच्या दुकानातून घेतलेला गेम असेल तर एफ१२. लॅपटॉपवर एफ१२ ला आवाजाचं किंवा दुसरं काम दिलेलं असलं, तर सोबत एफएन दाबावं लागतं. स्टीम स्वतःहून जेपीजी ठेवतं. छापायचं किंवा कापायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन अनकम्प्रेस्ड प्रत ठेवायला सांगा.

पांढुरकं चित्र एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या पद्धतीमुळे, येतं. त्या पडद्यावरचा उजेडाचा पल्ला साध्या पीएनजीत मावत नाही, आणि तो नीट न बसवता लिहिला की रंग फिके पडतात. गेम बार अशा वेळी दोन फाइल्स ठेवतो, एक जेएक्सआर (एचडीआरचा पल्ला जपणारी) आणि एक साधी पीएनजी. इतरांना पाठवायची ती पीएनजी. तीही बरी वाटली नाही तर विंडोज, ऑल्ट आणि बी दाबून एचडीआर बंद करा आणि नव्याने टिपा.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण पाळतात. बऱ्याच नव्या गेममध्ये कडा गुळगुळीत करण्यासाठी मागच्या काही चित्रांची माहिती मिसळतात. कॅमेरा फिरत असताना टिपलंत तर झाडांची पानं आणि जाळ्या दुहेरी दिसतात. कॅमेरा सोडा, सेकंदभर थांबा, मग कळ दाबा. मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) आणि फिल्म ग्रेन (फिल्मसारखे दाणे) तेवढ्यापुरते बंद ठेवा. फोटो मोड असेल तर तोच वापरा, कारण त्यात आकडे, नकाशे सगळं लपतं.

प्रश्न : विंडोज आणि प्रिंट स्क्रीन दाबल्यावर पडदा क्षणभर काळवंडतो. चित्र जातं कुठे? आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं की अक्षरं पुसट का होतात?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये. वनड्राइव्ह चालू असेल तर त्यातला पिक्चर्स फोल्डरही पाहा.

अक्षरांचं कारण जेपीजी. ती पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारकावा कमी करते. आकाशात, भिंतीत ते जाणवत नाही. पण मराठी सबटायटलमधला ‘क्ष’ किंवा रफार मोठा करून पाहिलात तर त्याच्याभोवती धुळीसारखे ठिपके दिसतील. लाल अक्षरांचं हाल सर्वात वाईट, कारण रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जाड्याभरड्या मापात साठवली जाते. म्हणून अक्षरं असलेलं चित्र पीएनजीत ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर गॅलरीतून न पाठवता पेपर क्लिपच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग फाइल जशीच्या तशी पोहोचते.